फायरवॉलकडच्या फटीतला ऑक्सिजन सेन्सर कसा काढायचा?

खानापूर_रोड
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, बीएस-४. इंजिन आडवं बसवलेलं, आणि मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून पुढे नेणारा नळ) रेडिएटरकडे नसून मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बाजूला. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून ब्लूटूथवालं ओबीडी (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून बघितलं तर कोड पी०१३५ आला. म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची तक्रार. कोड पुसला तरी परत येतो. गावात ॲव्हरेज चांगलंच पडलंय, कोल्हापूरला जाऊन आलो तर मात्र फरक जाणवत नाही.

गॅरेजमध्ये दाखवली. ते म्हणतात हात जात नाही, मॅनिफोल्ड उतरवावं लागेल, त्याची मजुरी सेन्सरच्या किमतीपेक्षा जास्त. आणि लगेहात मागचा सेन्सर पण बदलून टाका म्हणतात. वरून टॉर्च मारली तर सेन्सरचं फक्त टोक दिसतं, त्याच्यावर पत्र्याचं कव्हर. खालून बघितलं तर स्टिअरिंगची रॅक आडवी येते. एमिशन सर्टिफिकेटची मुदतही संपत आलीय. मॅनिफोल्ड न उतरवता कुणी हे काम केलंय का?

संकेश्वर_सर्किट
दादा, पाना हातात घेण्याआधी मल्टीमीटर घ्या. पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये दोष, सेन्सर मेला असं तो कोड सांगत नाही. फ्यूज उडालेला असू शकतो, कनेक्टरमध्ये हिरवट गंज असू शकतो, उंदराने वायर कुरतडलेली असू शकते. आमच्याकडे उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही शेवटची गोष्ट सारखी सापडते.

तपासायचं असं. इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर सोडवा. तो वरच्या बाजूला, हाताला लागेल असा असतो. चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या. सेन्सरकडच्या बाजूला त्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. चांगला हीटर थोडेच ओहम दाखवतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. मग गाडीकडच्या बाजूला इंजिन चालू करून बॅटरीचे बारा व्होल्ट येतात का बघा. ते येत नसतील तर नवा सेन्सर बसवूनही दिवा जाणार नाही.

हायवेला फरक नाही आणि गावात ॲव्हरेज पडलं, हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. आतलं झिर्कोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० ते ३५० अंशांना तापल्याशिवाय व्होल्टेज देत नाही. हीटर त्याला अर्ध्या-एक मिनिटात तापवतो. हीटर गेला की सायलेन्सरमधल्या गरम हवेवर भिस्त. बेळगावात टिळकवाडीतून कॅम्पात जाईपर्यंत सेन्सर धड जागा होत नाही, तोवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजाने आणि थोडं जास्तच पेट्रोल सोडत राहतो. हायवेला लागल्यावर बऱ्याचदा सगळं सुरळीत दिसतं. त्यामुळे मला तरी हीटरच गेला असेल असं वाटतंय, खरं मोजल्याशिवाय पैसे घालू नका.

जांबोटीकर
मागचा सेन्सर बदलायची काही गरज नाही ओ. त्याचा कोड नाही, तक्रार नाही. तो कॅट नीट काम करतंय का एवढंच बघतो, पेट्रोलचं गणित मुख्यतः पुढच्यावर चालतं.

खानापूर_रोड
ताई, सांगितल्याप्रमाणे मोजलं. फ्यूज ठीक, गाडीकडून बारा व्होल्ट येतात, कनेक्टर स्वच्छ. हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. सेन्सरच गेला हे नक्की. आता प्रश्न फक्त त्या फटीचा.

उद्यमबागकर
आता मी लिहितो, जरा मोठं होईल. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, आधी बरीच वर्षं फिटर म्हणून काम केलंय. अशा मागच्या मॅनिफोल्डच्या गाड्यांचे सेन्सर मी मॅनिफोल्ड न उतरवता काढलेत. मॅनिफोल्ड उतरवायला गेलात तर त्याचे स्टड (त्याला इंजिनच्या हेडवर धरून ठेवणारे आट्याचे दांडे) तुटायची भीती असते, आणि एक स्टड हेडमध्ये तुटला तर सेन्सरचं काम बाजूला राहून हेडचं काम निघतं. म्हणून तो मार्ग सगळ्यात शेवटी.

आधी जागा करा. बहुतेक लोक आहे त्या फटीत हात घालून झगडतात आणि कोपरं सोलून घेतात. वायपरचे दोन्ही हात काढा, त्यांच्याखालचं काळं प्लॅस्टिकचं काऊल क्लिपा आणि स्क्रू सोडवून उचला. काही गाड्यांत त्याच्याखाली पत्र्याची पन्हळ असते, तीही बोल्टवर निघते. फायरवॉलच्या वरची बाजू एकदम मोकळी होते. मग एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाईप काढा. आता वरून सरळ खाली बघता येईल, हात कोपरापर्यंत जाईल. एवढ्याला पाऊण तास लागला तरी लागू दे, पुढचं सगळं काम ह्याच्यावर आहे.

सेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर म्हणजे हीट शील्ड. त्याचे बोल्ट लहान, दहाच्या पान्याचे, आणि उष्णतेने भाजून निघालेले असतात. घाईने फिरवलात तर मुंडी हातात येईल. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सेन्सरच्या बुडाशी, जिथे तो बोळ्यात (मॅनिफोल्डवरच्या आट्याच्या भोकात) शिरतो तिथे पण मारा.

पाना २२चा. आता हे नीट वाचा. जुना सेन्सर फेकायचाच आहे ना? मग तार कापा. तार कापली की साधा रिंग पाना किंवा लांब सहा कोनी सॉकेट वरून सरळ बसतं. बाजारात मिळणारं चिरलेलं सेन्सर सॉकेट तार वाचवायला असतं. जोर लावला की त्याची चीर फाकते आणि सेन्सरचे कोन गोल होतात. हलक्या कामाला ठीक, गंजलेल्या सेन्सरला नाही. नवीन बसवताना मात्र तेच सॉकेट वापरा, तेव्हा एवढा जोर लागत नाही. कापण्याआधी तेवढी खात्री करा की नवा सेन्सर हातात आलाय आणि त्याचा कनेक्टर तुमच्या गाडीला बसतोय.

फट अशी असेल की सॉकेट बसतं पण वर रॅचेटला जागा नाही, तर रिंग पाना आखूड करून घ्यायचा. जाड, चांगल्या लोखंडाचा २२चा रिंग पाना घ्या, दांडा कापा, आणि कापलेल्या टोकावर अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकाचं जुनं सॉकेट आडवं वेल्ड करून घ्या. म्हणजे पाना सेन्सरवर, आणि त्याच्या बाजूला एक्स्टेंशन लावून तुम्ही मोकळ्या जागेतून जोर देता. उद्यमबागेत कुठल्याही वेल्डरला कागदावर चित्र काढून दाखवलंत तरी करून देईल. वेल्ड केल्यावर पाण्यात बुडवू नका, हवेवर थंड होऊ दे, नाहीतर जोड कडक होऊन तडकतो.

तवंदी_घाट
काका, इंजिन गरम असताना काढायचा का थंड? दोन्ही ऐकलंय.

उद्यमबागकर
कोमट. पाच-सात मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, मग हात घालता येईल इतपत निवू द्या. जाड हातमोजे घालाच. गरम असताना बोळ्याचं लोखंड थोडं फुगलेलं असतं, आटे जरा सैल पडतात. एकदम तापलेल्या मॅनिफोल्डला हात लागला तर कातडी तिथेच राहते. आणि हे काऊल, एअर फिल्टर वगैरे सगळं काढण्याचं काम आधी थंड इंजिनवर करायचं. एअर फिल्टरचा डबा उघडला की त्यातल्या हवेच्या सेन्सरचा कनेक्टर परत जोडून, पाईप तात्पुरता लावूनच इंजिन चालवा.

जांबोटीकर
आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस किती असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. जांबोटी, कणकुंबी भागातल्या गाड्यांना खालून जो गंज चढतो तो बेळगाव शहरात दिसत नाही. म्हणून थोडं माझ्याकडून.

तेल मारून रात्रभर ठेवलं तरी सकाळी सरळ उलटा फिरवू नका. आधी केसभर आवळायच्या बाजूला द्या. कट्ट असा आवाज आला की गंजाची पकड तुटली. मग सोडवायच्या बाजूला पाव फेरा, परत त्याच्या निम्मा आत, पुन्हा तेल, परत पाव फेरा. मध्येच जड लागला, किरकिर आवाज यायला लागला की थांबा, आत फिरवा आणि तेल मारा. ओढत राहिलात तर सेन्सर येतो खरं, बोळ्यातले आटे पण सोबत घेऊन येतो.

आणखी एक. खाली उलटं झोपून काम करताना कुठली बाजू सोडवायची हे भल्याभल्यांना उलटसुलट होतं. एकच लक्षात ठेवा: सेन्सरच्या तारेच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचं. वरून हात घाला की खालून, नियम तोच.

आटे खराब निघाले तर घाबरू नका. ह्या सेन्सरचा आटा १८ एमएमचा, दीड पिचचा. तेवढा टॅप घ्या, त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे लोखंडाचा किस ग्रीसला चिकटतो, कॅटमध्ये पडत नाही. टॅप हाताने आणि सरळ धरून. तिरका गेला तर मग खरंच मॅनिफोल्ड उतरवावं लागेल.

संकेश्वर_सर्किट
खाली झोपणार असाल तर डोळ्यांना गॉगल लावा, गंज सरळ डोळ्यात पडतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. आपल्याकडे चिऱ्याचे दगड लावायची सवय आहे. चिरा दाबाखाली अचानक फुटतो, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याच्याही आधी. लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना लावा, मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा. हे न करता कुणी काम करत असेल तर मी ह्या धाग्यावर पुढचं काही सांगणार नाही.

हलगा_व्हॅन
माझी जुनी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. एलपीजीचं किट आहे. मला पण सेन्सरचाच कोड येतो, पी०१३०. सीट उचलली तर इंजिन दिसतं, खरं सेन्सरपर्यंत पाना फिरवायला जागा नाही. मी पण तार कापू का?

संकेश्वर_सर्किट
थांबा, कापू नका. किटवाल्याने सेन्सरच्या सिग्नलच्या तारेला जोड दिलाय का ते आधी बघा. बऱ्याच किटमध्ये किटचा स्वतःचा कंट्रोलर ती तार वाचतो, काहींमध्ये तर मधेच तोडून खोटा सिग्नल ईसीयूला पाठवतात. तो जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल तर पहिल्या पावसात गंजतो. सिग्नल एक व्होल्टच्या आतला आहे, ०.१ ते ०.९ मध्ये हलणारा. जोडावर थोडा गंज चढला, ओल शिरली तरी तो बिघडतो. जोड मोकळा करून बघा, पेट्रोलवर चालवून कोड परत येतो का बघा. पी०१३० सर्किटचा कोड आहे, सेन्सर शाबूत असण्याची शक्यता बरीच.

हलगा_व्हॅन
जोड आहे. काळी टेप, आत हिरवं झालंय. आधी तो नीट करतो.

तवंदी_घाट
नवीन सेन्सर कनेक्टरसकट घ्यायचा का युनिव्हर्सल घेऊन जुना कनेक्टर जोडायचा? युनिव्हर्सल स्वस्त पडतो.

संकेश्वर_सर्किट
परवडत असेल तर कनेक्टरसकट. युनिव्हर्सलच्या तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. एका कंपनीत पांढऱ्या तारा हीटरच्या, दुसरीत काळ्या हीटरच्या आणि पांढरी ग्राउंडची. रंगाला रंग जोडलात तर बारा व्होल्ट सिग्नलच्या तारेत जातील. डब्यातला तक्ता वाचूनच जोडा.

आणि तारा जोडताना डाग (सोल्डर) देऊ नका. ह्या सेन्सरला तुलना करायला बाहेरची ताजी हवा लागते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन आणि बाहेरचा ऑक्सिजन ह्यांच्या फरकावर तो व्होल्टेज तयार करतो, आणि बऱ्याच सेन्सरना ही बाहेरची हवा तारेच्या आतल्या धाग्यांमधून मिळते. डाग दिला की ती वाट बंद. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं, त्यावर क्लीनरचा फवारा मारणं ह्यानेही तेच होतं. क्रिम्पचे जोड वापरा, चारही एकाच ठिकाणी न देता मागेपुढे द्या.

एकसंबा_ऊस
एक शंका. E20 पेट्रोल आल्यापासून सेन्सर जास्त जातात असं पंपावर बोलतात. आमच्या चिकोडी भागातल्या साखर कारखान्यांचंच इथेनॉल, म्हणून विचारतो.

उद्यमबागकर
नाही बाळा. सेन्सर धुरात ऑक्सिजन उरलाय का एवढंच सांगतो, इंधन कुठलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शुद्ध पेट्रोलला एक भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९च. वीस टक्के मिसळलं की हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. सेन्सर ईसीयूला कळवतो की मिश्रण पातळ पडतंय, ईसीयू थोडं इंधन वाढवतो. ओबीडीवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट) चार-पाच टक्के वर दिसलं म्हणून सेन्सर बदलायचा नसतो. इथेनॉलने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील खराब होतात, तो प्रश्न वेगळा.

सेन्सर मरतो तो इंजिन ऑईल पीत असेल तर, कूलंट आत गळत असेल तर, किंवा कुणी गॅस्केटला मिळेल ते सिलिकॉन फासलं असेल तर. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते. तापलेल्या सायलेन्सरवर एकदम गार पाणी आलं तरी आतलं सिरॅमिक तडकतं. पावसाळ्यात ओढ्यावरचं पाणी तुडवून गाड्या काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

चोर्ला_स्वारी
दुचाकीवाल्यांसाठी दोन ओळी. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन आलं आणि त्यासोबत हा सेन्सर. दुचाकीचा सेन्सर लहान असतो, बऱ्याच गाड्यांत आटा १२ एमएमचा. कारचा २२चा पाना घेऊन जाऊ नका. चोर्ल्याचा लाल चिखल सेन्सरच्या बुडाशी घट्ट बसतो, तो ब्रशने काढल्याशिवाय पाना लावलात तर चिखल आट्यात जातो.

खानापूर_रोड
झालं मंडळी! सेन्सर निघाला आणि नवीन बसला. मॅनिफोल्ड जागच्या जागी आहे. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

काऊल काढल्यावर खरंच वेगळीच गाडी दिसायला लागली. पन्हळ काढायला थोडा त्रास झाला, तिच्याखाली वाळलेल्या पानांचा खच होता. हीट शील्डचे तीन बोल्ट, तिन्ही न तुटता निघाले, दोन रात्री तेल मारत होतो. जुन्या सेन्सरची तार कापली. सरळ रिंग पाना बसत होता पण फिरवायला एका कोनाएवढीसुद्धा जागा मिळेना, कारण दांडा फायरवॉलच्या इन्सुलेशनला अडत होता. म्हणून उद्यमबागेत पाना आखूड करून त्यावर सॉकेट वेल्ड करून आणलं. वेल्डरने पैसेसुद्धा घेतले नाहीत, चहा घेतला. लांब एक्स्टेंशन लावून वरून जोर दिला. आधी आवळायच्या बाजूला, जांबोटीकरांनी सांगितलं तसं. कट्ट आवाज स्पष्ट आला. मग पुढेमागे करत सुटला. आटे स्वच्छ होते.

बसवतानाची एक गोष्ट आधी कुणी लिहिली नव्हती ती लिहितो. नवीन सेन्सर आत फिरतो तेव्हा त्याची तारही फिरते. कनेक्टर मोकळा ठेवायला जागा नसेल तर तारेला पीळ बसतो. म्हणून बसवण्याआधी तारेला उलट्या दिशेने तेवढेच पीळ देऊन घेतले. सेन्सर पूर्ण आत गेला तेव्हा तार सरळ झाली. पहिले फेरे फक्त बोटांनी दिले, पाना लावलाच नाही. आट्यांना कंपनीने लावलेली पेस्ट होती, वरून काही फासलं नाही, टोकाला हात लावला नाही. तार जुन्याच क्लिपांमधून नेली, ड्राईव्हशाफ्ट आणि मॅनिफोल्डपासून लांब.

मग कोड पुसला. लाईव्ह डेटात इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात पहिला सेन्सर ०.१ ते ०.८च्या मध्ये भराभर हलायला लागला. कॅटच्या मागचा ०.७च्या आसपास शांत उभा. आज एमिशन करून आलो. बीएस-४ला आयडलवर कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. दोन्ही खूपच खाली आले, लॅम्बडाही (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा आकडा) एकाच्या जवळ.

उद्यमबागकर
झकास. टॉर्क किती दिलात?

खानापूर_रोड
मॅन्युअलमध्ये ४५ न्यूटन-मीटर दिलाय. टॉर्क रेंच मित्राकडून आणली होती. त्या वेल्ड केलेल्या पान्याने नाही, चिरलेल्या सॉकेटने आवळला.

उद्यमबागकर
बरोबर केलंत. तो आखूड पाना एक्स्टेंशनच्या रेषेच्या बाहेर जातो, त्यामुळे रेंच दाखवते तो आकडा खरा राहत नाही. टॉर्क रेंच आणि वेल्ड केलेला पाना एकत्र लावायचाच असेल तर पाना रेंचच्या दांड्याला काटकोनात धरा, म्हणजे आकडा जवळपास बरोबर येतो.

हलगा_व्हॅन
माझं पण सांगतो. जोड कापून नवीन क्रिम्प मारला, वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवली. कोड गेला, अजून आला नाही. सेन्सरला हात लावावा लागला नाही. ताई, आभार.

येळ्ळूर_फाटा
खानापूर_रोड दादा, माझी गाडी तुमच्यासारखीच, मागच्या मॅनिफोल्डची. मीटरने तपासून झालंय, हीटर गेलाच आहे. तो बनवलेला पाना येत्या रविवारी मिळेल काय?

खानापूर_रोड
या की. आरपीडी क्रॉसला आलात की मेसेज करा, पाना आणि एक्स्टेंशन दोन्ही देतो. शील्डच्या बोल्टांना मात्र आजपासूनच तेल मारायला लागा.